किर्गिओसला रागानं खाल्लं की चुकवलेल्या सरावानं?

सेकंड_सर्व्ह (नेरुळ)

ऑस्ट्रेलियाचा टेनिसपटू निक किर्गिओस, त्याचं नाव निघालं की आपल्याकडे बोलणं एकाच वळणावर जातं. "हात काय होता पोराचा! पण डोकं ठिकाणावर नाही." कोर्टवर तेच, ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये तेच, सोसायटीच्या ग्रुपवरही तेच. मला हे निदान पटत नाही. राग होता, भरपूर होता, आणि तो चेअर अंपायरनी, लाइनवरच्या माणसांनी, बॉल बॉइजनी सोसला, हेही खरं. पण त्याच्या हातून जे निसटलं, त्यात रागाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा लहान आहे. मोठा वाटा आहे रोजच्या कंटाळवाण्या कामाचा, जे त्याने केलं नाही. जरा सविस्तर लिहितो. पटलं नाही तर खोडून काढा.

आधी त्याचा हात. २०१४चं विम्बल्डन, वय १९, क्रमवारी १४४, वाइल्ड कार्डवर (क्रमवारी पुरत नसताना आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) आत आलेला. दुसऱ्या फेरीत गास्केविरुद्ध दोन सेट मागे पडला, नऊ मॅच पॉइंट (एक पॉइंट गेला की सामना गेला, असे क्षण) वाचवले आणि पाचव्या सेटमध्ये १०-८ असा जिंकला. चौथ्या फेरीत समोर नदाल, त्या वेळी जगात पहिला. किर्गिओसने ३७ एस (समोरच्याची रॅकेटही न लागणारी सर्व्ह) मारले आणि चार सेटमध्ये सामना काढला. त्यातला पायांच्या मधून मारलेला विनर अजून लोक एकमेकांना पाठवतात. मला मात्र त्या दिवशीचे दोन टायब्रेक (सेट ६-६ झाला की खेळायचा निर्णायक गेम) जास्त आवडतात. सेंटर कोर्टवर पहिल्यांदा आलेला पोरगा नदालसमोर दोन्ही टायब्रेक घेतो आणि चेहऱ्यावर कसलंही दडपण दिसत नाही.

पुढच्या वर्षी माद्रिदला फेडररला हरवलं, तेही क्लेवर, म्हणजे लाल मातीच्या कोर्टवर, मॅच पॉइंट वाचवून. २०१७ मध्ये अकापुल्कोला जोकोविचला हरवलं, आणि पंधरवड्याच्या आत इंडियन वेल्सला पुन्हा, दोन्ही वेळा एकही सेट न गमावता. म्हणजे या तिघांनाही त्याने पहिल्याच भेटीत पाडलं. ज्याचं डोकं खरोखर मोक्याच्या क्षणी फिरतं, त्याला हे जमत नाही.

आता दुसरी बाजू. सर्वोच्च क्रमवारी १३, ऑक्टोबर २०१६ मध्ये. टॉप टेन कधीच नाही. एकेरीची सात विजेतेपदं. मास्टर्सची (ग्रँड स्लॅमच्या खालोखालच्या स्पर्धा) अंतिम फेरी एकदाच, सिनसिनाटी २०१७, आणि तिथे दिमित्रोव्हकडून हार. ग्रँड स्लॅमची एकेरीची अंतिम फेरी एकदाच, विम्बल्डन २०२२.

टॉप टेनमध्ये जायला नदाल-फेडररला हरवावं लागत नाही. मंगळवारी दुपारी, सात नंबरच्या कोर्टवर, अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांसमोर साठाव्या क्रमांकाच्या माणसाला हरवावं लागतं. मग बुधवारी पुन्हा. मग पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात. बावन्न आठवड्यांचे गुण मोजले जातात. सेंटर कोर्टची एक रात्र त्यात कितीशी भरणार! किर्गिओसला सेंटर कोर्ट दिलं की तो देव होता, आणि बाकीच्या आठवड्यांत तो असायचाच नाही.

रोलाँ गॅरोस, म्हणजे फ्रेंच ओपन बघा. २०१५ आणि २०१६ मध्ये तिसरी फेरी, तीच सर्वोत्तम कामगिरी. २०१७ नंतर तिथे तो एकेरी खेळलाच नाही. क्ले येत नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण २०१५ मध्येच तो एस्टोरिलला क्लेवर अंतिम फेरीत गेला होता आणि माद्रिदचं वर लिहिलंच आहे. पण क्लेवर एस परत येतो. पॉइंट दहा-पंधरा फटक्यांचा होतो. पाच सेट तसं खेळायला पाय लागतात, आणि पाय डिसेंबरमध्ये तयार होतात, मे महिन्यात नाही. बरीच वर्षं त्याने पूर्णवेळ कोच ठेवला नव्हता आणि ते तो लपवतही नव्हता. कोच नसला की "आज पुन्हा पळायचंय" हे सांगणारं माणूसच उरत नाही.

आता विम्बल्डनची ती फायनल. पहिला सेट त्याने ६-४ घेतला, जोकोविच गोंधळलेला होता. दुसऱ्या सेटमध्ये जोकोविच ५-३ वर सेटसाठी सर्व्ह करत असताना किर्गिओस ०-४० पुढे होता. तो गेम गेला. तिसऱ्या सेटमध्ये ४-४, स्वतःची सर्व्ह, ४०-०. तोही गेम गेला. त्यानंतर तो आपल्या बॉक्समधल्या (कोर्टबाहेर बसलेल्या आपल्याच गोटातल्या) माणसांवर ओरडत राहिला, आणि टीव्हीवाल्यांनी तेच दाखवलं. मी तो गेम बऱ्याचदा बघितलाय. ओरडणं वाढलं ते पॉइंट गेल्यावर. आधी काय झालं? जोकोविचने सर्व्ह परत केली, पुन्हा परत केली, आणि रॅली लांबली. दर वेळी एक फटका जास्त खेळायचा होता आणि तो खेळायची सवय नव्हती. राग दिसतो, सवय दिसत नाही, म्हणून आपण रागावर बिल फाडतो.

---

घोडबंदर_निवासी

सेकंड_सर्व्ह, लेख मनापासून लिहिलाय, पण तुम्ही रागाला फार स्वस्तात सोडलंत.

शांघाय २०१६. मिशा झ्वेरेव्हकडून ६-३, ६-१, अठ्ठेचाळीस मिनिटांत. सर्व्ह नुसती टाकली आणि चेंडू परत येण्याआधीच खुर्चीकडे चालू लागला. अंपायरला सांगितलं की वेळ पुकारा, म्हणजे संपवून घरी जातो. तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर! पुरुषांची टूर चालवणाऱ्या एटीपीने दंड केला आणि आठ आठवड्यांची बंदी घातली. क्रीडा मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं कबूल केल्यावर ती तीन आठवड्यांवर आली. २०१९ मध्ये रोमला कॅस्पर रूडविरुद्ध खुर्ची उचलून कोर्टवर फेकली आणि सामना सोडला. त्याच वर्षी सिनसिनाटीला खाचानोव्हविरुद्ध मधेच आत जाऊन रॅकेटी मोडल्या, १ लाख १३ हजार डॉलर दंड झाला. २०१५ मध्ये माँट्रियलला वावरिंकाच्या खासगी आयुष्याबद्दल जे बोलला, ते मी इथे लिहिणारही नाही.

सरावाचा मुद्दा मान्य. पण अशा प्रत्येक प्रकरणानंतर महिनोन्महिने जातात. बंदी, प्रोबेशन, वर्तमानपत्रं, माफीनामे. त्यात सराव कसा होणार? राग आणि सराव असे दोन वेगळे कप्पे करता येतात हेच मला मान्य नाही.

दुसरं असं, की ज्याच्यावर तो ओरडतो तो अंपायर उत्तर देऊ शकत नाही. बॉल गर्ल तर नाहीच नाही. तिच्यासाठी "याला पाय कमी पडतात" हे स्पष्टीकरण पुरेसं नाही.

---

सेकंड_सर्व्ह (नेरुळ)

घोडबंदर, शेवटच्या परिच्छेदाबद्दल वाद नाही. तिथे मी तुमच्याच बाजूला आहे.

शांघायबद्दल एक जोडतो. त्याच्या आधीच्या रविवारी त्याने टोकियोची स्पर्धा जिंकली होती. लगेच विमान, लगेच दुसरा देश, बुधवारी हा सामना. दमलेला होता. दमले सगळेच असतात, त्या आठवड्यात जोकोविच, मरे, वावरिंका यांचे पायही दुखत असणारच. फरक इतकाच की त्यांच्याकडे दमलेल्या दिवशी खेळायचं एक साधं टेनिस असतं. चेंडू आत ठेवायचा, समोरच्याला खेळवायचं, कसाबसा सामना काढायचा. किर्गिओसकडे ते नव्हतं. त्याच्याकडे एक तर आतषबाजी, नाहीतर अंधार. मधलं टेनिस सरावाने येतं. ते असतं तर शांघायला तो तमाशा करायची वेळ आली नसती, असं मला खरंच वाटतं.

---

ऐरोलीची_लेक

सरावावर बोला, रागावर बोला. पण २०२३ च्या फेब्रुवारीत कॅनबेराच्या कोर्टात त्याने आपल्या तेव्हाच्या मैत्रिणीला ढकलल्याचा गुन्हा कबूल केला, हेही धाग्यात असू द्या. घटना २०२१ची. न्यायाधीशांनी दोषसिद्धीची नोंद केली नाही, तेही लिहिते, म्हणजे कोणी अर्धवट म्हणायला नको. "टॅलेंट वाया गेलं" म्हणून हळहळताना त्या मुलीचा विचार आपल्या मनात शेवटी येतो, किंवा येतच नाही. मला तो आधी यायला हवा.

---

बेसलाइन_कोच (खारघर)

मी खारघरला सोसायट्यांच्या कोर्टवर बॅच घेतो. आधी बरीच वर्षं एका क्लबमध्ये मार्कर होतो. मार्कर म्हणजे मेंबर लोकांशी खेळणारा, त्यांना चेंडू देणारा माणूस. सकाळी सहाला कोर्टवर, दुपारी घरी, चारला परत. तेव्हा या विषयावर माझ्याकडे थोडं आहे.

त्याच्या सर्व्हिसबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. टॉस (सर्व्हसाठी चेंडू वर फेकणं) एकदम खाली आणि छोटा. हात वर गेला की लगेच रॅकेट. फ्लॅट, स्लाइस, किक, सर्व्हच्या तिन्ही प्रकारांसाठी टॉस जवळपास तोच, म्हणून समोरच्याला आधी काहीच कळत नाही. फोरहँडचा बॅकस्विंगही आखूड. अशा ॲक्शनला वारा त्रास देत नाही. आपल्याकडे पाम बीचच्या बाजूला संध्याकाळी खाडीवरून वारा सुटतो, तेव्हा उंच टॉसवाल्या पोरांची पंचाईत होते. त्यांना मी किर्गिओसची सर्व्हिस स्लो करून दाखवतो.

आता स्वभावाचं. दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात. नदाल ते पूर्ण वापरायचा. टॉवेल, केस, नाक, बाटल्या, सगळं ठरलेलं. लोक त्याला वहम म्हणतात, पण ते श्वास जागेवर आणायचं काम आहे. किर्गिओस त्यातले फार थोडे सेकंद वापरतो. चेंडू घेतला, एक-दोनदा आपटला, सर्व्ह. जिंकत असेल तेव्हा समोरच्याला उसंत मिळत नाही, एका मिनिटात गेम संपतो. पण हरत असेल तेव्हाही एका मिनिटातच गेम संपतो, आणि आता तो त्याचा असतो. सेकंड_सर्व्ह, तुमचा तो ४०-० चा गेम घड्याळ लावून पुन्हा बघा. पॉइंट गेल्यावर तो थांबतो का, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो का, टॉवेल मागतो का, ते बघा.

म्हणून माझं मत तुम्हा दोघांच्या मधलं आहे. राग आवरणं हासुद्धा सरावच असतो. बॅकहँडसारखाच, रोज करायचा. माझ्या बॅचमध्ये पॉइंट हरला की पाठ नेटकडे, रॅकेट डाव्या हातात, तारा सरळ करायच्या, मग वळायचं. डावखुरा असेल तर उजव्या हातात. हे मी मॅचच्या दिवशी शिकवत नाही. जून-जुलैमध्ये पाऊस थांबला की पोरांकडून वायपरने कोर्टवरचं पाणी ओढून घेतो, मग अर्धवट ओल्या कोर्टवर मिनी टेनिस खेळवतो, चेंडू जड, उडतच नाही, सगळी वैतागलेली. तेव्हा शिकवतो. वैताग आलेला असतानाच ती सवय लागते.

किर्गिओस करतो तशा अंडरआर्म सर्व्हबद्दल (हात डोक्यावर न नेता खालून मारलेली) पालक तक्रार करतात. नियमात बसते. मायकेल चँगने १९८९ मध्ये फ्रेंच ओपनला लेंडलविरुद्ध केली होती, पायात गोळे आलेले असताना. समोरचा बेसलाइनच्या चार-पाच मीटर मागे उभा असेल तर ती हुशारीच आहे. पण ज्या पोराची सेकंड सर्व्ह आत पडत नाही त्याला मी ती करू देत नाही.

---

सेफिन_भक्त

कोच साहेब, वायपरचा किस्सा एक नंबर.

माझा मुद्दा वेगळा. मरात सेफिन. माझ्या मते त्याच्याइतका नैसर्गिक खेळाडू दुसरा नाही, आणि त्याच्याइतक्या रॅकेटीही फार थोड्यांनी मोडल्या असतील. २००० साली, वयाच्या विसाव्या वर्षी, यूएस ओपनच्या फायनलला सॅम्प्रासला ६-४, ६-३, ६-३. त्याच वर्षी जगात पहिला क्रमांक. २००५ ला ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला फेडररला मॅच पॉइंट वाचवून पाचव्या सेटमध्ये ९-७, मग फायनलला ह्युइटला त्याच्याच देशात. दोन स्लॅम. लोक तरीही म्हणतात की अजून चार-पाच मिळायला हवी होती. मीही म्हणतो.

पण बघा, रॅकेट मोडून दोन स्लॅम आणि पहिला क्रमांक मिळू शकतो. गोरान इव्हानिसेविचने २००० साली ब्रायटनला सगळ्या रॅकेटी मोडल्या आणि खेळायला रॅकेट उरली नाही म्हणून सामना सोडावा लागला. पुढच्याच वर्षी वाइल्ड कार्डवर विम्बल्डन! मॅकेन्रोचं तर काय सांगायचं. १९८४ मध्ये पूर्ण वर्षात तीन सामने हरला, आणि तोंड तेच होतं. फेडररसुद्धा पोरवयात रॅकेटी आपटायचा.

म्हणजे रागाने स्लॅम अडत नाहीत, हा सेकंड_सर्व्हचा मुद्दा इतिहासाने सिद्ध होतो.

---

घोडबंदर_निवासी

इतिहासाने अर्धा सिद्ध होतो. मॅकेन्रोचं १९८४ लिहिलंत, तर त्याच वर्षीची पॅरिसची फायनलही लिहा. लेंडलविरुद्ध दोन सेटने पुढे होता आणि हरला. फ्रेंच ओपन त्याला आयुष्यात मिळालं नाही. आणि १९९० मध्ये ऑस्ट्रेलियात पेर्नफोर्सविरुद्ध पुढे असताना गैरवर्तनासाठी स्पर्धेतून काढलं गेलं. फेडररचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. त्याने आपटणं थांबवलं आणि मग जिंकायला लागला.

आमच्या घरात गाणं आहे. आवाज देवाने दिला, तान उपजत आली, पण सकाळचा खर्ज लावला नाही तर मैफलीत दुसऱ्या तासाला आवाज फाटतो. आणि आवाज फाटला की गवई तबलजीवर चिडतो. हे मी जवळून बघितलंय. तेव्हा सेकंड_सर्व्ह, तुमचा क्रम मला आता थोडा पटतोय: आधी रियाज सुटतो, मग राग. पण राग आल्यावर तबलजीला काय ऐकावं लागतं, हे मी सोडणार नाही.

---

वसंतविहारची_आई

बरेच दिवस नुसती वाचक आहे, आज लिहितेच.

माझी मुलगी टेनिस खेळते. खेळत होती म्हणू की खेळते म्हणू, हे आत्ता मलाच नक्की सांगता येत नाही. अंडर ट्वेल्व्हपासून स्पर्धा. ठाण्याहून पहाटेची गाडी, पुण्याला बालेवाडी, कधी कोल्हापूर, कधी औरंगाबाद. ग्रिप, तारा, शूज, एन्ट्री फी, हॉटेल. कोर्टबाहेर पायऱ्यांवर बसलेले आम्ही आई-बाप. तिथे मुलं जिंकताना कशी दिसतात यापेक्षा हरल्यावर कोणाकडे बघतात, ते मी बघते. बहुतेक मुलं आधी बापाकडे बघतात.

तिच्या आधीच्या ॲकॅडमीत कोच सगळ्यांसमोर ओरडायचे. "एवढं टॅलेंट देऊन पण तू अशी खेळतेस?" हे वाक्य तिला दर आठवड्याला ऐकावं लागायचं. स्तुती आणि शिवी एकाच वाक्यात. एक दिवस तिने किटबॅग माळ्यावर ठेवायला सांगितली. आम्ही ॲकॅडमी सोडली. बॅग अजून माळ्यावर आहे.

म्हणून किर्गिओसबद्दल "टॅलेंट वाया घालवलं" असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात कालवतं. त्याने २०२२ च्या फेब्रुवारीत २०१९ मधला स्वतःचा एक फोटो टाकला होता.  आणि खाली लिहिलं होतं की तो त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या काळांपैकी एक होता, स्वतःला इजा करून घेत होता, आणि दंडावर नीट बघितलं तर ते दिसेल. त्याच २०१९ मध्ये त्याने अकापुल्को आणि वॉशिंग्टन जिंकलं. त्याच २०१९ मध्ये घोडबंदर यांनी लिहिलेलं रोम आणि सिनसिनाटीही झालं. आपण सगळ्यांनी फक्त खुर्ची बघितली.

अजून एक. तो लहानपणी बास्केटबॉल खेळायचा, चौदाव्या वर्षी टेनिस निवडलं, आणि आपलं खरं प्रेम बास्केटबॉलवर आहे हे तो कायम सांगत आलाय. जरा बघा, तो शांत कधी असतो? कोकिनाकिसबरोबर दुहेरीत. २०२२ ला ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी दोघांनी वाइल्ड कार्डवर जिंकली. शेजारी एक मित्र उभा होता, चुकल्यावर हातावर हात मारायला. एकेरीत कोर्टवर कोणी नसतं. बॉक्समधल्या माणसांवर तो ओरडतो ते मला कधीच आवडलं नाही, पण त्यात "कोणीतरी माझ्याशी बोला" असंही मला ऐकू येतं.

ऐरोली, तुझं म्हणणं खरं आहे आणि माझ्या या लिहिण्याने ते कमी होत नाही. दुःखी माणूस दुसऱ्याला दुखवायला मोकळा होत नाही.

---

बेसलाइन_कोच (खारघर)

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. एकेरीत सामना चालू असताना कोचने बोलायचं नाही हा नियम आता बदललाय, २०२५ पासून पॉइंटच्या मध्ये बाहेरून सांगता येतं. किर्गिओसच्या ऐन भरात हे असतं तर, असं मलाही वाटतं. पण ऐकायला कोच असावा लागतो, आणि तो त्याने ठेवला नाही.

ते "एवढं टॅलेंट देऊन" मी पण पोरांना बोलायचो, माझे उस्ताद मला बोलायचे तसंच. आता बोलत नाही. पोराला टॅलेंट आहे म्हटलं की ते चुकायला घाबरतं, आणि घाबरलेलं पोर एक तर मारतं जोरात, नाहीतर मुद्दाम सोडून देतं. सोडून दिलं की हरल्याचं दुखत नाही, कारण आपण खेळलोच कुठे! किर्गिओसच्या सोडून दिलेल्या सामन्यांत मला तेच दिसतं. मनापासून खेळून हरायची भीती.

---

सेकंड_सर्व्ह (नेरुळ)

कोच साहेब, हे शेवटचं वाक्य माझ्या मूळ लेखात नव्हतं आणि असायला हवं होतं. मी "काम केलं नाही" इथे थांबलो होतो. का केलं नाही, ते तुम्ही आणि वसंतविहार यांनी सांगितलंत.

याच दृष्टीने २०२२ पुन्हा बघितलं तर वेगळं दिसतं. त्या वर्षी तो थोड्याच स्पर्धा खेळला, पण मन लावून खेळला. विम्बल्डनला पहिल्याच फेरीत पॉल जबविरुद्ध पाच सेट, आणि प्रेक्षकाच्या दिशेने थुंकला म्हणून दंड, तो काही एका रात्रीत साधू झाला नव्हता. चौथ्या फेरीत नाकाशिमाविरुद्ध पुन्हा पाच सेट, खांदा दुखत असताना, सर्व्हचा वेग कमी करून. बघणाऱ्याला कंटाळवाणा, पण मला त्याच्या कारकिर्दीतला फार मोलाचा वाटणारा सामना. तेच ते मधलं टेनिस, ज्याबद्दल मी वर लिहिलं. मग वॉशिंग्टनला एकेरी आणि दुहेरी दोन्ही, आणि यूएस ओपनला मेदवेदेव, जो तेव्हा जगात पहिला आणि गतविजेता होता, त्याला चौथ्या फेरीत हरवलं. पुढच्या फेरीत खाचानोव्हकडून पाच सेटमध्ये गेला. विम्बल्डनला त्या वर्षी क्रमवारीचे गुणच दिले गेले नव्हते, त्यामुळे अंतिम फेरी गाठूनही वर सरकला नाही. ते गुण मिळाले असते तर टॉप टेनचा प्रश्न वेगळा झाला असता.

आणि नेमकं तेव्हा शरीर गेलं. २०२३ च्या सुरुवातीला गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग मनगट. त्या वर्षी त्याच्या वाट्याला टूरवरचा एकच एकेरी सामना आला. काम करायचं मनावर घेतलं तेव्हा वय २७ होतं. वीस ते पंचवीसमधली जी वर्षं शरीर भक्कम करायची असतात, ती परत कुठून आणायची? मला त्याचा राग येत नाही, वाईट वाटतं. खूप वाईट वाटतं.

---

सेफिन_भक्त

+१. नाकाशिमाची मॅच मी अर्ध्यावर बंद केली होती. आता शोधून बघतो.

---

वसंतविहारची_आई

कोच, एक विचारू का? मुलीने काल आपणहून विचारलं की खारघरला कोणी शिकवतं का. स्पर्धा नको म्हणाली, नुसतं खेळायचंय. ठाण्याहून येणं-जाणं जमवू, पनवेल लोकल आहेच. तुमच्याकडे अशी मुलं घेता का, ज्यांना रँकिंग नकोय?

---

बेसलाइन_कोच (खारघर)

घेतो ताई. शनिवारी साडेचारच्या बॅचला आणा, त्यात बहुतेक तशीच मुलं आहेत. जुनीच रॅकेट चालेल, नवीन काही घेऊ नका. पहिला महिना मी तिला सामना खेळवणार नाही, दुहेरीत घालतो.

आणि त्या आधी तिला एक मॅच दाखवा: अकापुल्को २०१९, किर्गिओस विरुद्ध नदाल. पहिला सेट ३-६ गेलेला. तिसऱ्या सेटच्या टायब्रेकमध्ये नदाल ६-३ पुढे, तीन मॅच पॉइंट, आणि हा ८-६ जिंकतो. पूर्ण बघू द्या, मधे थांबवून काही समजावू नका. काय दिसलं ते शनिवारी मी विचारेन.

---

घोडबंदर_निवासी

वसंतविहार ताई, माझा नातू त्याच वेळी नेरुळला पोहायला जातो, गाडी असते. मुलीला लोकलने एकटं पाठवायचं नसेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. शनिवारी तीनला निघतो.